चकाकी आणि सत्त्व
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



आज हीरकमहोत्सव, म्हणून हिऱ्यापासूनच आरंभ करतो. काही हिरे अतिनील दिव्याखाली धरले की निळसर उजळतात. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. पदार्थ डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतो आणि त्या ऊर्जेचा काही भाग दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत करतो.

युरेनियमच्या काही खनिजांत हा गुण विलक्षण उठून दिसतो. ऑटुनाइट एरवी लिंबासारखे पिवळे. अतिनील दिव्याखाली मात्र त्यातून झगझगीत पिवळट-हिरवा प्रकाश फाकतो. एका युरेनियम अणूशी दोन ऑक्सिजन अणू जोडलेला जो ‘युरेनिल’ गट, त्याची ही किमया. परंतु टॉर्बर्नाइटमध्ये हाच गट असूनही सोबतचे तांबे ती दीप्ती मालवून टाकते. झारखंडातील जादूगुडाच्या खाणीतून १९६७ पासून ज्याच्यासाठी धातुक काढले जाऊ लागले, ते युरेनिनाइट तर युरेनियमने समृद्ध. तरी दिव्याखालीही ते काळेच राहते. उलट, उजळणाऱ्या हिऱ्यात युरेनियमचा मागमूस नसतो.

हा भेद विज्ञानाला कसा उमगला? १८९६च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये आन्री बेकेरेल युरेनियमचा एक क्षार उन्हात ठेवून, काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर त्याचा ठसा उमटतो का, हे पाहत होते. उन्हाने चेतलेल्या दीप्तीबरोबरच भेदक किरण निघतात, अशी त्यांची कल्पना होती. पुढे आभाळ भरून आले. क्षार आणि काच खणात पडून राहिली. १ मार्चला त्यांनी ती काच तशीच धुतली, तेव्हा तिच्यावर ठळक ठसा आढळला. नंतर मुळीच न उजळणाऱ्या युरेनियमच्या संयुगांनी आणि शुद्ध युरेनियमनेही तेच केले. किरण दीप्तीचे नव्हते, युरेनियमचेच होते. त्यांना ना उन्हाची गरज होती, ना दिव्याची. या शोधासाठी १९०३ साली क्युरी दांपत्यासह बेकेरेल यांना नोबेल पारितोषिक लाभले.

पालकहो, परीक्षा हाही एक दिवाच आहे. त्याखाली जे मूल उजळते त्याचे कौतुक अवश्य करावे. पण जे उजळत नाही, त्याच्यात काही नाही असा निर्णय त्या एका दिव्यावरून देऊ नये. असा निर्णय न देणारे शिक्षक या शाळेला साठ वर्षे लाभले, याची साक्ष देणारे कितीतरी माजी विद्यार्थी आज या सभागृहात बसले आहेत. ती परंपरा पुढेही अखंड राहो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.