तहान लागण्याआधीची विहीर : लहान देश आणि हेगचं न्यायालय

  तीस वर्षांहून अधिक काळ मी पायदळात काढला. पण आज युद्धकथा सांगणार नाही. आज एका तहाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ज्या देशाकडे मोठं सैन्य नाही, त्याने रोमचा तह स्वीकारावा, आणि शांतता आहे तोवरच स्वीकारावा.

हा तह १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये मंजूर झाला. १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. साठ देशांची मान्यता मिळाल्यावर १ जुलै २००२ पासून तो लागू झाला आणि नेदरलँड्समधल्या हेग शहरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण आपण जिथे नेलं, ते आंतरराष्ट्रीय न्यायालयही हेगमध्येच आहे, पण ते वेगळं. तिथे देश विरुद्ध देश असा दावा चालतो. फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून माणूस उभा राहतो, मग तो सेनापती असो की राष्ट्राध्यक्ष. गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण.

हे न्यायालय बड्या देशांनी लहानांवर लादलं, असा एक समज आहे. खरी गोष्ट उलटी आहे. अशा न्यायालयाची कल्पना मागे पडली होती. १९८९ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांसमोर पुन्हा मांडली त्रिनिदाद आणि टोबॅगोने. ब्रायन लाराचा देश, म्हणजे आपल्याला लगेच ओळख पटेल. पुण्यापेक्षाही कमी वस्तीचा देश. त्यांचे पंतप्रधान ए. एन. आर. रॉबिन्सन यांची अडचण अमली पदार्थांच्या टोळ्यांची होती. या टोळ्यांपुढे एकट्या बेटाची पोलीस आणि कोर्टं पुरी पडत नव्हती. पुढे झालेल्या तहात अमली पदार्थांचा गुन्हा आलाच नाही. पण न्यायालय आलं, आणि न्यायाधीशांच्या पहिल्या तुकडीत त्रिनिदादचे एक आणि जेमतेम दोन लाख वस्तीच्या सामोआचे एक न्यायाधीश बसले.

मला या विषयाची गोडी पुस्तकातून लागली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मी पूर्व काँगोत, उत्तर किवू प्रांतात होतो. टोळ्यांतून सुटलेली बारा-तेरा वर्षांची पोरं आमच्या चौकीवर शस्त्र टाकायला येत. नोंदवहीत वय लिहायचं म्हणून विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नसे. कमांडरचं नाव मात्र ताबडतोब सांगत. तिथल्या एका तरी कमांडरला कधी कोणी जाब विचारेल, यावर तेव्हा आमच्यापैकी कोणाचा विश्वास नव्हता.

पण काँगोने २००२ मध्येच तह स्वीकारला होता. त्यामुळे थॉमस लुबांगाला २०१२ मध्ये बालसैनिक भरती केल्याबद्दल शिक्षा झाली. बोस्को न्टागांडाविरुद्ध २००६ पासून वॉरंट होतं. तरी तो गोमा शहरात सरकारी सैन्यातला जनरल म्हणून उघड फिरत असे. २०१३ मध्ये त्याचे दिवस फिरले, तेव्हा तो आपल्या पायांनी किगालीतल्या अमेरिकन वकिलातीत गेला आणि म्हणाला, मला हेगला पाठवा. २०१९ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. उशीर झाला, हे खरंच. पण काँगोतल्या कुठल्या कोर्टाने या माणसाला हात लावला असता, असं मला वाटत नाही.

आता लहान देशाचा हिशेब मांडू. तुवालूची वस्ती दहा-अकरा हजार. त्यांनी संरक्षणासाठी काय करावं? रणगाडे घ्यावेत? अशा देशाची खरी ढाल कायदाच असू शकते. या तहाचा एक नियम त्यासाठी नीट समजून घ्या: आक्रमण सोडून दुसरा गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडला, तर गुन्हेगार सदस्य नसलेल्या देशाचा असला तरी न्यायालयाला अधिकार पोचतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात ढकलले गेले. म्यानमार सदस्य नाही. पण बांगलादेश २०१० पासून आहे. माणसाला हद्दीबाहेर हाकलण्याचा गुन्हा सीमेच्या दुसऱ्या बाजूला पुरा होतो, म्हणून २०१८ मध्ये न्यायालयाने आपला अधिकार मान्य केला आणि २०१९ मध्ये तपासाला परवानगी दिली. आठ वर्षांपूर्वीची एक कागदी कारवाई अशी कामाला आली.

आपण म्हणतो, तहान लागल्यावर विहीर खणू नये. हा तह तसाच आहे. देश सदस्य होतो, त्या दिवसापासूनचे गुन्हेच साधारणपणे न्यायालयापुढे जातात. मागचा काळ हवा असेल तर वेगळी घोषणा करावी लागते, आणि तीही २००२ च्या मागे जात नाही. आर्मेनियाने हे केलं. नागोर्नो-काराबाखमधून लाखभर माणसं परागंदा झाल्यावर, रशियाची नाराजी पत्करून, त्यांच्या संसदेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तह मंजूर केला आणि मे २०२१ पासूनचा काळही न्यायालयाच्या कक्षेत आणला. तीस लाखांच्या देशाने हे धाडस केलं. पण पाणी डोक्यावरून गेल्यानंतर केलं. बाकीच्यांनी तेवढी वाट बघू नये.

आता आक्षेप. पहिला: आमचं सार्वभौमत्व जाईल. हे न्यायालय शेवटचा दरवाजा आहे. देशाचं स्वतःचं कोर्ट प्रामाणिकपणे तपास आणि खटला चालवत असेल, तर हेगला त्या प्रकरणात जागाच नाही. म्हणजे आपलं घर नीट ठेवणाऱ्याला भीती नाही.

दुसरा: खर्च. वर्गणी संयुक्त राष्ट्रांच्या प्रमाणावर ठरते. सर्वांत लहान देशाला वर्षाला काही हजार युरो पडतात. एका बऱ्या मोटारगाडीपेक्षाही कमी. मत मात्र प्रत्येकाला एक, जर्मनीला एक आणि नाउरूलाही एक. २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ यांनी मिळून पर्यावरणाच्या प्रचंड विनाशाला पाचवा गुन्हा ठरवण्याचा प्रस्ताव दिला. समुद्र ज्यांच्या उंबऱ्याशी आला आहे, ते हे मागणारच. पण आत आहेत म्हणून मागू शकले.

तिसरा: बडे देश रागावतील. रागावतात. २००३ मध्ये अमेरिकेने, आपल्या सैनिकांना सूट देण्याचा करार न करणाऱ्या सुमारे ३५ सदस्य देशांची लष्करी मदत रोखली. म्हणूनच माझा आग्रह आहे की लहान देशांनी एकेकट्याने जाऊ नये. शेजारच्या चार-पाच बेटांनी एकाच वर्षी तह स्वीकारला, तर दबाव वाटला जातो. टेकडी एकटा जवान घेत नाही, सेक्शन घेते.

चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे: न्यायालयाकडे पोलीस नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य आहे, वॉरंट होतं, तरी अटक झाली नाही. त्याच पुतिननी आदल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिक्स परिषदेला जाणं टाळलं, हेही लक्षात ठेवा. आणि फिलिपिन्सचे दुतेर्ते बघा. तपासाची चाहूल लागताच त्यांनी देशाला तहातून बाहेर काढलं. २०१९ मध्ये तो बाहेर पडला. पण सदस्य असतानाच्या काळातला हिशेब पुसला गेला नाही. मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते मनिलात पकडले गेले आणि हेगला रवाना झाले.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असंही ऐकू येतं. मराठी माणसाने तरी असं म्हणू नये. चिपळूणच्या छावणीतल्या फौजेने रयतेचं दाणापाणी, गवतकाडी फुकट उचलू नये, अशी ताकीद शिवाजी महाराजांनी लेखी दिली होती. हाताखालच्या माणसाच्या वागणुकीला अंमलदार जबाबदार, हे तत्त्व रोमच्या तहातही आहे. आम्ही ते गणवेश चढवला त्या दिवसापासून शिकलो.

आता तुम्ही विचाराल, कर्नलसाहेब, आपला भारत कुठे आहे? भारत सदस्य नाही. रोममध्ये आपण तटस्थ राहिलो. सुरक्षा परिषदेला प्रकरण पाठवण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार का, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांत का नाही, दहशतवाद का नाही, हे आपले आक्षेप होते. त्यांत वजन आहे. पण आपल्यामागे जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक सैन्य आहे. आपला हिशेब वेगळा. भूतान किंवा टोंगाने आपल्याकडे बघून थांबावं, असं त्यात काही नाही.

नेपाळच्या संसदेने २००६ मध्येच तह स्वीकारावा असा ठराव केला. दहा वर्षांच्या यादवीनंतरचा तो ठराव होता. तह अजून स्वीकारलेला नाही. श्रीलंका बाहेर आहे, भूतान बाहेर आहे, टोंगा, तुवालू, पलाऊ बाहेर आहेत. मालदीव २०११ पासून आत आहे आणि त्याचं काही बिघडलेलं नाही.

ऐकणाऱ्यांत कायद्याची मुलं असतील, परदेशी वकिलातींत, विद्यापीठांत, शांतिसेनेत काम करणारे असतील. काठमांडूचा, थिंफूचा, कोलंबोचा एखादा सहकारी, एखादा बॅचमेट भेटेल, तेव्हा हा विषय काढा. त्याला विचारा, तुमच्याकडे हे कशापाशी अडलं आहे? बहुतेक वेळा ते विरोधापाशी अडलेलं नसतं. फाईल कुणाच्या तरी टेबलावर पडून असते, कारण आज घाई नाही. आज घाई नाही, म्हणूनच ती हलवायची वेळ आज आहे.