धावणाऱ्याची भाकरी



कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून धावपटूंच्या आहारावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयात. परंतु गेली काही वर्षे आमच्या संघटनेतील फिटर, बसवाहक, परिचारिका, सफाई कामगार अशी पुष्कळ मंडळी पहाटे उठून धावू लागली आहेत. कोणी २१ किलोमीटरांची अर्धमॅरेथॉन गाठतो, कोणी पुरी ४२ किलोमीटरांची. त्यांच्या डब्यांत आम्हांला जे दिसले, त्यातून आजचा विषय निघाला.

प्रथम ‘हौशी’ या शब्दाविषयी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील काही बड्या क्रीडासंस्थांनी हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तीत हातांनी राबणारा मजूर बसतच नसे. हेन्लेच्या नौकाशर्यतींत हा मज्जाव १९३७ पर्यंत टिकला. आपल्याकडे मात्र १९२० सालीच बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आज हौशी धावपटू म्हणजे आठ तास राबून वर धावणारा माणूस. धावणे ही त्याची दुसरी पाळीच होय, आणि दोन पाळ्या करणाऱ्याला एका पाळीचे अन्न पुरत नाही. एवढी साधी गोष्ट आज विसरली जात आहे.

आमची मंडळी काय करतात ते पाहा. पहाटे कोरा चहा घेऊन धावावयाचे, तसेच कामावर जावयाचे, पुन्हा चहा, दुपारी घाईघाईने दोन पोळ्या, आणि रात्री दहाला पोटाला तड लागेपर्यंत जेवण. कोणीतरी सांगितले म्हणून भात सोडलेला, भाकरी निम्म्यावर आणलेली. आणि महिन्याच्या पगारातून दोन-तीन हजार रुपये पावडरीच्या डब्याला दिलेले! घरची भाकरी कमी करून बाजारची पावडर विकत घ्यावयाची, हा व्यवहार आम्हांला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आता शरीराचा हिशेब मांडू. धावताना माणूस दर किलोमीटरला, आपले वजन जितके किलो, सुमारे तितके उष्मांक खर्च करतो. साठ किलोचा माणूस दहा किलोमीटर धावला, तर सहाशे उष्मांक गेले. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी सुमारे दोनशे उष्मांक देते. म्हणजे त्या दिवशी शरीर नेहमीच्या जेवणावर आणखी तीन भाकऱ्यांची मागणी करीत असते. ही मागणी रास्त आहे. ती फेटाळली तर संप ठरलेला!

त्यातही जलद लागणारे जळण म्हणजे पिष्टमय पदार्थांतून होणारी साखर. स्नायू आणि यकृत मिळून ती ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमच साठवू शकतात. ही कोठी रिकामी झाली की पाय जड होतात, डोके चालेनासे होते. १९२४ साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉन संपल्यावर डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गळून गेलेल्यांची रक्तशर्करा फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधीपासून पिष्टमय अन्न आणि वाटेत साधी मिठाई दिली. तसे हाल झाले नाहीत. १९६७ साली स्वीडनमधील संशोधकांनी काही माणसांना निरनिराळ्या आहारांवर ठेवून थकेपर्यंत सायकल चालवावयास लावली. मांस-चरबीवर ठेवलेली माणसे तासाभरात थकली, मिश्र आहारावरची दोन तासांच्या आत, आणि पिष्टमय आहारावरची पावणेतीन तासांच्या आसपास टिकली. भाकरी, भात, पोहे, रताळे यांची बाजू शास्त्राने अशी उचलून धरली आहे.

मग रोज खावे काय? रोज तासभर धावणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे सुमारे पाच ते सात ग्रॅम पिष्टमय अंश लागतो. साठ किलोच्या माणसाला निदान तीनशे ग्रॅम. दिवसभरात चार भाकऱ्या, एक ताट भात, दोन केळी, आमटी-उसळ आणि अर्धा लिटर दूध, एवढ्यात हा आकडा भरतो. प्रथिने दर किलोमागे एक ग्रॅमहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे सत्तर ग्रॅम हवीत. वरच्याच अन्नात डाळ-कडधान्ये मिळून साठ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाणे धरले, की ती जवळजवळ येतात. खाणाऱ्याने एखादे अंडे घ्यावे. डब्यातल्या पावडरीवाचून काम भागते ते असे.

खाण्याच्या वेळाही सांभाळाव्यात. पहाटे तासाभराहून अधिक धावावयाचे असेल तर अर्ध्या तासापूर्वी एक केळे किंवा गूळ-पोळीचा तुकडा खावा. परतल्यावर तासाभरात शेंगदाणे घातलेले पोहे, किंवा दूध-भाकरी. कामावर दोन डबे न्यावेत: एक दुपारचा, एक लहान, चार वाजताचा. त्यात चणे-गूळ, फुटाणे, उकडलेले रताळे काहीही चालेल. म्हणजे रात्रीच्या जेवणावर दिवसभराचा बोजा पडत नाही. शर्यतीच्या दिवशी नवे काही खाऊ नये. जे पोटाला महिनोन् महिने माहीत आहे तेच खावे.

पाण्याविषयी दोन्ही टोके वाईट. घामाने पाणी जाते तसे मीठही जाते. बोस्टनच्या २००२ सालच्या शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांत तेरा जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले होते, आणि याचे मोठे कारण होते अतोनात पाणी पिणे. तहान लागेल तसे प्यावे. लांब पल्ल्याला साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी, आणि या चैत्र-वैशाखात आपले पन्हे, याहून वेगळे काही लागत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे सारे करावे.

भगिनींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाणारी बाई पहाटे धावू लागली, तर ती उसनवारीवर धावते. खर्चाच्या मानाने अन्न सतत कमी पडले की पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात. हा इशारा २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीही दिला आहे, आणि तो पुरुषांनाही लागू आहे. पालेभाजी, कडधान्ये जेवणात असावीत, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. पण त्याआधी तिचे ताट सर्वांबरोबर वाढले जावे. हे औषध दुकानात मिळत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या धंद्यातला आहे. कोणी म्हणेल, हे सारे ठाऊक असले तरी खावयाला वेळ कोठे आहे? १९४८ च्या कारखाने कायद्यात सलग पाच तास कामानंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी आणि अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह, ही कलमे आली. त्यामागे माणूस जेवल्याशिवाय राबू शकत नाही हे साधे ज्ञान होते. आम्ही असा एक कारखाना पाहिला आहे, की जेथे व्यवस्थापनाने आरोग्यदौड म्हणून कामगारांना रंगीत सदरे वाटले, आणि त्याच वर्षी जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनी कापली. सदरा घालून माणूस धावत नाही. पोटात अन्न असले म्हणजे धावतो. ती दहा मिनिटे परत मिळवावयास आम्हांला सात महिने लागले. कंत्राटी कामगाराला, घरोघर माल पोचविणाऱ्या पोराला ही सुट्टीही धड मिळत नाही. त्याच्या पायांना रोज मॅरेथॉन आहे, पण डबा उघडण्याची जागा नाही.

म्हणून आमचे सांगणे दोन प्रकारचे आहे. धावणाऱ्याने भाकरीला शत्रू मानू नये. पुरेसे खावे आणि वेळेवर खावे. आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात अशांनी, आणि असे श्रोते या सभेत पुष्कळ असतील, त्या माणसांची जेवणाची वेळ पवित्र मानावी. उद्या दुपारी आपापल्या कचेरीत, दुकानात एवढेच पाहावे, की कोणाचा डबा अजून उघडावयाचा राहिला आहे. ज्याचा राहिला असेल त्याला आधी जेवू द्यावे.