उदाहरण तिलाही घाला



भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’तली काही उदाहरणं एका मुलीला उद्देशून आहेत. ती त्यांचीच लेक होती, असं आख्यायिका सांगते. ते खरं असो वा नसो. एक मोठा गणिती मुलीला हाक मारतो, उदाहरण घालतो आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा धरतो, हे महत्त्वाचं.

आपल्या शाळेतलं चित्र आठवून पाहा. अवघड उदाहरण आलं की फळ्याकडे कोण जायचं? मुलींच्या वाट्याला शाबासकी यायची ती बहुधा नीटनेटक्या वहीबद्दल.

तेहरानमधल्या मरियम मिर्झाखानी या मुलीलाही शाळेत एका वर्षी तिच्याकडून फारशी अपेक्षा न धरणाऱ्या शिक्षिका भेटल्या. हिला गणितात विशेष गती नाही, असं त्यांचं मत झालं आणि मरियमचा त्या विषयातला रसच गेला. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले, रस परतला. मुलग्यांच्या शाळेत असतात तसे गणिताचे जादा वर्ग आम्हालाही हवेत, असं मुलींनी सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी ते सुरू केले. इराणच्या गणित ऑलिंपियाड संघात तोवर एकही मुलगी नव्हती. मरियमने १९९४ आणि १९९५ मध्ये सुवर्णपदकं आणली आणि २०१४ साली गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळवलं. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाची ती पहिली मानकरी स्त्री.

अमेरिकेतला २०१० सालचा एक अभ्यास सांगतो, की पहिली-दुसरीच्या बाईंनाच गणिताची धास्ती असेल, तर वर्षअखेरीस ‘गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं’ हा समज त्यांच्या वर्गातल्या काही मुलींत रुजतो आणि त्या मुली गणितात मागे पडतात. मुलग्यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे ही भीती मुली जन्मतः आणत नाहीत. आपणच ती त्यांच्या हाती देतो.

आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या गेल्या, हे चांगलंच झालं. पण दुसरीतच जिने पाटी खाली ठेवली, ती तिथवर पोहोचणार कशी?

म्हणून पालकांना आणि गुरुजनांना एक विनंती. विजेचं बिल, दुधाचा हिशेब, भिंतीच्या रंगाचं माप लेकीपुढेही ठेवा. ती अडली, तर उत्तर सांगण्याची घाई करू नका. जरा थांबा. तिला विचार करू द्या.