रणगाड्यावरची धूळ



रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती रंगविणे हा आमचा छंद. पिकल्या केसांच्या माणसाने इवल्याशा गाड्याला चिखल फासत बसावे, हे आमच्या घरच्यांनाही फारसे रुचत नाही. परंतु त्या चिखलानेच आम्हांला एकदा चांगले खजील केले. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

या प्रतिकृती बहुधा मूळ गाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या असतात. हे प्रमाण कोठून आले? १९६० नंतर लवकरच जपानच्या तामिया कंपनीने जर्मनांच्या पँथर रणगाड्याची विजेवर चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, तोच पुढे जगभर रूढ झाला.

आता थोडा हिशेब करू. सेंच्युरियन रणगाडा सुमारे ५१ टनांचा. लांबी, रुंदी आणि उंची पस्तीसपट घटली म्हणजे वजन ४२,८७५ पटींनी घटावयास हवे. म्हणजे सुमारे बाराशे ग्रॅम. प्लॅस्टिकची प्रतिकृती त्याहून पुष्कळच हलकी. नुसता हिरवा रंग दिला तर ती साबणाच्या डबीसारखी दिसते. तिला वजन आणावयाचे ते रंगानेच.

त्याची रीत अशी. आधी अस्तर द्यावयाचे. मग मूळ रंग किंचित फिका करून लावावयाचा, कारण लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो. नंतर तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून खाचांतून सोडला की तो सांध्यांत आणि बोल्टांभोवती साचतो. जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरविला की कडा उठून दिसतात. शेवटी रंगाची पूड, म्हणजे धूळ. येथे हात आवरावा लागतो. एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या गाड्यावर साडेतीन सेंटिमीटरची जखम!

आमचा हात नेमका तेथेच सुटला. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर लढलेल्या पूना हॉर्स या रिसाल्याचा सेंच्युरियन आम्ही केला. या रिसाल्याचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर हे पुण्यात शिकलेले. जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबर रोजी रणांगणात पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एवढ्या मोठ्या प्रसंगाला शोभेल असा गाडा करावा, म्हणून आम्ही त्यावर भरपूर गंज चढविला आणि पट्ट्यांना काळाभोर चिखल लावला.

तो पाहावयास एक वृद्ध सुभेदार आले. रणगाड्यांच्या दुरुस्तीत त्यांची हयात गेलेली. बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "काम सुरेख आहे. पण मास्तर, हा गाडा लढाईतला की भंगारातला?"

आम्ही गप्प.

"लढाई थोड्या दिवसांची. एवढा गंज चढायला वेळ कुठे होता? आणि रात्र रात्र जागून गाड्याचं तेलपाणी करणारी पोरं तो चढू देतील? अन् ही माती तर आपल्या नगरकडची. तिकडची माती गाळाची, फिकी."

खरेच होते. नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात आम्ही सेंच्युरियन पाहिला आणि तिथलीच काळी माती डोळ्यांत घेऊन घरी परतलो होतो!

"मग सुभेदारसाहेब, आम्ही काय करावे?"

"गाड्यावर चढताना पाय कुठे टेकवाल? झाकण कुठे धराल? रंग तिथे झिजतो."

श्रोतेहो, त्या गाड्यात चार माणसे बसत. आम्ही पोलादाचा विचार केला होता, माणसांचा केलाच नव्हता. युद्धाची पडझड आम्हांला देखणी वाटली, म्हणून ती आम्ही हौसेने रंगविली. आणि ज्यांनी तो गाडा राखला त्यांच्यावर नकळत हलगर्जीपणाचा आळ घेतला. डाग कशाने पडला हे सांगता येत नसेल, तर तो डाग लावण्याचा आम्हांला काय अधिकार?

गंज आम्ही पुसून टाकला. खालच्या बाजूस फिकी धूळ दिली आणि पट्ट्यांचा जमिनीवर घासणारा भाग तेवढा चकचकीत केला. तो गाडा येथे मेजावर ठेवला आहे. जाताना अवश्य पाहा. आणि झाकणाच्या कडेला रंग कोठे झिजला आहे, तिकडे क्षणभर लक्ष द्या. एवढी विनंती करून आपली रजा घेतो.