‘ओसाड’ भूमीची दंतकथा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सीमेवरील मोकळ्या जमिनीनेच अमेरिकन लोकशाही घडविली, असा सिद्धान्त इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागो येथे मांडला. त्यात सत्याचा अंश आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सामान्य माणसाला १६० एकर जमीन मिळू शकत होती. परंतु ती जमीन मोकळी नव्हती. मोकळी करण्यात आली होती. १८८७ मध्ये तेथील आदिवासींच्या हाती सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती; १९३४ पर्यंत ती ४ कोटी ८० लाखांवर आली. रेल्वे कंपन्यांना मात्र संघसरकारने सुमारे १३ कोटी एकर बहाल केले. दंतकथेतील एकाकी, शूर वसाहतकाराच्या पाठीशी फौज, कायदा आणि भांडवल उभे होते.

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. रायगड किनाऱ्यावरील खारपट्टी नकाशात पाणथळ, पडीक भासते. वस्तुतः आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, उघाड्या बसवून, भरतीचे पाणी अडवून ती भातशेतीखाली आणली. जमीन घडविणारा एक व धनी दुसरा, हा अन्याय जुनाच. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. जमिनी पडीक राहिल्या, उपासमार झाली; कुळे खोतांपुढे वाकली नाहीत.

१९७० च्या दशकात नवी मुंबईसाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावे निवडण्यात आली. मुंबईची गर्दी हलविण्याची गरज खरी होती; परंतु तिची किंमत कोणी मोजायची, हे गावांना विचारून ठरले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातूनच पुढे मान्य झाले.

मात्र मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यापासून सुरू होतो, आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचा हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो. म्हणून मोजणीदार येण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी गावोगाव बांध, मिठागरे व मासेमारीच्या जागा यांची नोंद ग्रामस्थांकडून करून घेतली पाहिजे. ज्याची नोंद नाही, ते उद्या ओसाड ठरविले जाईल.