मनाच्या जखमा आणि मैत्रीचा बांक

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदाच्या दिवशीं दुःखाचा विषय मीं कां निवडला, असें कोणास वाटेल. म्हणून त्याचें कारण प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या एका बाईंचा तरुण मुलगा मासेमारीस गेला, तो परत आला नाहीं. समाचारास जाऊन मीं त्यांना म्हटलें, "बाई, झालें तें विसरून जा, मन घट्ट करा." त्यांनीं मान हालविली. पुढें मी जाईं तेव्हां त्या मुलाविषयीं चकार शब्द काढीत नसत. मला वाटलें, दुःख निवळलें. पुष्कळ दिवसांनीं कळलें कीं, त्या रात्र रात्र जागून काढीत. माझ्या उपदेशानें दुःख गेलें नव्हतें. माझ्यापुढें तें बोलण्याची वाट मात्र बंद झाली होती.

माझी चूक कोठें झाली, हें मला आफ्रिका खंडांतील झिंबाब्वे देशाच्या एका हकीकतीनें शिकविलें. तीच आपणांपुढें ठेवितों.

२००५ सालीं तेथील सरकारनें शहरांतील झोपड्या व लहानमोठीं दुकानें पाडण्याची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ७ लक्ष लोक घरास किंवा पोटाच्या धंद्यास मुकले. त्याच वर्षीं हरारे येथील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण स्त्रीनें आत्महत्या केली. तिला उपचारास यावयाचें होतें. परंतु बसभाड्यास घरीं पैसे नव्हते. तेव्हां डॉक्टरांच्या मनानें घेतलें कीं, उपचारानेंच लोकांच्या दाराशीं गेलें पाहिजे.

पण जावें कोणीं? सबंध देशांत मानसोपचारतज्ज्ञ अगदीं मोजके. हरारेच्या म्बारे वस्तींत त्यांस मदतीस मिळाल्या त्या १४ आजीबाई. दवाखान्यांत रिकामी खोली नव्हती, म्हणून बाहेर लांकडी बांक मांडला. डॉक्टर त्यास मानसिक आरोग्याचा बांक म्हणत. आजीबाईंनीं सांगितलें कीं, अशा नांवाच्या बांकावर कोणी बसावयाचें नाहीं. मग त्याचें नांव 'मैत्रीचा बांक' असें झालें.

तेथील शोना भाषेंत या मनोव्यथेस 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणें, असें म्हणतात. आपल्या आयाबहिणीहि म्हणतातच कीं, विचार करकरून डोकें फिरलें! बांकावरील उपचाराच्या तीन पायऱ्या आहेत: मन मोकळें करणें, मन वर उचलणें आणि मनास बळ देणें. आलेला मनुष्य आपल्या अडचणी सांगतो. त्यांतील एक तो स्वतः निवडतो आणि तिजवर उपायहि स्वतःच शोधतो. आजीबाई ऐकतात, विचारतात, धीर देतात. अशा सहा बैठका होतात. २४ दवाखान्यांतील ५७३ लोकांवर याची कसोटी घेण्यांत आली व तिचें फळ २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारावरील लोकांपैकीं निम्म्यांत खिन्नतेचीं लक्षणें शिल्लक होतीं. बांकावर बसलेल्यांत तीं शेंकडा १४ जणांतच राहिलीं होतीं.

ही गोष्ट आपणांस सर्वस्वी परकी नाहीं. मुंबईस जन्मलेले डॉ. विक्रम पटेल यांनीं १९९० नंतरच्या दशकांत हरारे येथें याच व्यथेचा अभ्यास केला. आणि १९९६ सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेच्या ते संस्थापकांपैकीं होत. तेथेंहि डॉक्टर नव्हेत अशा, पण रीतसर शिकविलेल्या, स्थानिक माणसांनीं आरोग्यकेंद्रांत खिन्न रुग्णांस आधार दिला आहे.

आतां वाढीविषयीं. बांकावरील बैठका सुरू झाल्यावर हरारेचे लोक आपल्यासारख्याच दुःखितांच्या मंडळांत येतात. टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणतां विणतां ते एकमेकांस सांवरतात. काल ज्यास आधार हवा होता, तो आज दुसऱ्यास आधार देतो. टेडेस्की व कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं अशा वाढीचीं पांच अंगें मांडलीं: इतरांशीं गाढ जिव्हाळा, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची ओळख, आध्यात्मिक पालट आणि जीवनाची अधिक किंमत. परंतु ही वाढ आघातामुळें होत नाहीं, तर आघाताशीं झुंजतांना होते. आणि ती झाली तरी दुःख उरतेंच. म्हणून "यांतून तुमचें भलेंच होईल" असें दुःखितास ऐकवूं नये. तोहि एक घावच होय.

बंधुभगिनींनो, जीव देण्याची भाषा कोणी करूं लागल्यास त्यास एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. इतर वेळीं मात्र आपणहि पुष्कळ करूं शकतों. आपल्या देवळाच्या आवारांत बांक आहेत, आणि आजीबाईहि आहेत. रविवारीं प्रार्थना आटोपल्यावर घाईनें घरीं न परततां दुःखिताशेजारीं अर्धा तास बसावें आणि पुढच्या रविवारींहि बसावें. उपदेश थोडा, ऐकणें फार.

मीहि उशिरां कां होईना, त्या बाईंच्या घरीं पुन्हां गेलों आणि म्हटलें, "बाई, मुलाविषयीं सांगा." त्या दिवेलागण होईपर्यंत बोलत होत्या. निघतांना म्हणाल्या, "उद्यांहि या."