सहलीला निघालेलं जोडपं



आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात हास्य आणि भयानक हे एकमेकांचे विरोधी रस मानले आहेत. एक आला की दुसऱ्यानं उठून जायचं. मात्र हास्य शृंगारातून जन्मतं, असंही भरतमुनी सांगतात. हे तिन्ही रस एकाच गाडीत कोंबून फिरायला निघालेल्या एका ब्रिटिश चित्रपटाबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव ‘साइटसीअर्स’. दिग्दर्शक बेन व्हीटली. २०१२ साली तो कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला. लांबी दीड तासाहूनही थोडी कमी.

टीना तिशी ओलांडलेली, अजून आईजवळ राहणारी. आईच्या लाडक्या कुत्र्याच्या मृत्यूचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलेलं. तिला क्रिस भेटतो. ओळख जेमतेम तीन महिन्यांची. तो तिला कॅरॅव्हॅनमधून, म्हणजे मोटारीला जोडलेल्या चाकांवरच्या घरातून, उत्तर इंग्लंड दाखवायला नेतो. आईला हा माणूस पसंत नाही. आईचं बरोबर असतं, पण ऐकतं कोण?

आता ही ठिकाणं पाहा. क्रिच गावचं ट्रामचं संग्रहालय. केझिकचं पेन्सिलींचं संग्रहालय. त्या परिसरात ग्रॅफाइटची खाण होती, म्हणून तिथे पेन्सिली होऊ लागल्या. पॅरिस नाही, व्हेनिस नाही, प्रियकर दाखवतो काय, तर पेन्सिली! आणि टीना खरोखर हरखून जाते. तिला आजवर कुणी काही दाखवलेलंच नसतं. चित्रपट हसवतो, पण तिच्या या आनंदाची टर उडवत नाही, हे मला फार आवडलं.

ट्राममध्ये एक माणूस आइस्क्रीमचा कागद खाली टाकतो. क्रिस त्याला सभ्यपणे सांगतो. तो उर्मटपणा करतो. इथवर आपण पूर्णपणे क्रिसच्या बाजूचे. रस्त्यात कुणी पिशवी भिरकावली की आपल्याही मनात काय काय येतं! थोड्या वेळानं गाडी मागे घेताना तोच माणूस चाकाखाली सापडतो. अपघात? क्रिसच्या चेहऱ्यावर पुसटसं हसू उमटतं, आणि तोवर आपणही हसून गेलेले असतो.

पुढे मुडदे पडतच जातात. कारणं क्षुल्लक असतात. शेजारी उतरलेला एक लेखक क्रिसपेक्षा यशस्वी असतो. एक गृहस्थ कुत्र्याची घाण उचलायला सांगतात. क्रिसची नोकरी गेलेली आहे, आणि ते त्यानं टीनापासून लपवलं आहे, हे आपल्याला पुढे कळतं. जगाकडून झालेला अपमान तो असा वसूल करतो, आणि वर त्याला शिस्तीचं, तत्त्वाचं नाव देतो.

पण मला खरी भीती वाटली ती टीनाची. नव्या प्रेमात माणूस बरंच काही पोटात घालतो. घोरणं, थापा, चारचौघांत लागट बोलणं. टीना खून पोटात घालते. प्रियकर काय करतो हे कळल्यावर ती पळून जात नाही, पोलिसांत जात नाही. ती त्याच्यासारखी होऊ पाहते. मग तीही माणसं मारते, अगदी मनाला येईल तशी. त्यावर क्रिस चिडतो! काही कारण नको का, असा त्याचा सूर. पुढची भांडणं भाजीत मीठ जास्त पडल्यावर होतात, त्याच चालीवर होतात. खुनी कोण हा प्रश्न बाजूलाच राहतो, आणि या दोघांत कुणाचं चालणार, हा सुरू होतो. बायका-मुलींनी हा भाग जरूर पाहावा असं मी म्हणणार होते. पण पुरुषांनीही पाहावा.

ॲलिस लो आणि स्टीव्ह ओरॅम या विनोदी नटांनीच ही पात्रं रचली, पटकथा लिहिली आणि भूमिकाही केल्या. दूरचित्रवाणीवाल्यांना हे फार काळं वाटलं होतं. अखेर ‘शॉन ऑफ द डेड’वाले एडगर राइट पाठीशी उभे राहिले. लेखनासाठी दोघं खरोखर कॅरॅव्हॅन घेऊन हिंडून आले. पैसा बेताचा, पण डोंगर, धुकं, पाऊस आणि संग्रहालयं सगळी अस्सल. माइक ली यांच्या ‘नट्स इन मे’मधलं (१९७६) तंबू ठोकून नियम शिकवणारं जोडपं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना क्रिसचं गोत्र लगेच ओळखू येईल. ते जोडपं फक्त वाद घालत होतं, इतकाच काय तो फरक.

रक्तपात उघडा आहे, तेव्हा मुलांना घेऊन बसू नका. मधला थोडा भाग रेंगाळतो, हेही खरं.

शेवट रिबलहेडच्या रेल्वेपुलावर होतो. १८७० च्या दशकात बांधलेला, २४ कमानींचा, तीस मीटरहून उंच असा हा दगडी पूल. दोघं काठाशी उभी असतात, हातात हात घालून. दोघांनी मिळून काय करायचं, हे ठरलेलं असतं. क्रिस नेहमीप्रमाणे गृहीत धरतो, की टीना आपल्या मागून येणारच. त्या हातांचं पुढे काय होतं, ते मात्र तुमचं तुम्हीच पाहा.